जांघेचे दुखणे : प्रस्तावना

नाशिक जिल्ह्याला पळण्याचे वेड आहे आणि ते आता चांगले रुजले आहे. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवरच्या मुला-मुलींना त्यानंतर धावपट्टी आपली वाटू लागली. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये वल्हे मारले. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये सायकलवर अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत पूर्ण केली. आज पहाटे नाशिक शहरातल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे आपल्या गोल्फ क्लबवर गेले, तर साठीतले फिरणारे, मॅरेथॉनचा सराव करणारे नोकरदार आणि पोलीस भरतीसाठी घाम गाळणारी पोरे एकाच वेळी दिसतात.

या सगळ्यांना जडणारे, पण गुडघा आणि टाच यांच्याइतके बोलले न जाणारे एक दुखणे आहे. मांडी जिथे पोटाला मिळते त्या घडीतले, म्हणजे जांघेतले. हे पुस्तक त्या एकाच दुखण्यावर आहे. खेळाडू, त्यांचे पालक, शाळेचे क्रीडाशिक्षक, तालमीतले वस्ताद, भरतीचे वर्ग चालवणारे प्रशिक्षक आणि तालुक्याच्या ठिकाणी रोज शंभर रुग्ण तपासणारे डॉक्टर यांच्यासाठी ते लिहिले आहे. सांगायचे आहे ते थोडक्यात असे: जांघेचे दुखणे हा एक आजार नाही. नेमके कुठे आणि कोणत्या हालचालीला दुखते हे लवकर विचारले, तर बहुतेक खेळाडू शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. अंगावर काढले, तर हंगाम जातो, आणि थोड्या जणांचा खुबाच जातो.

ते अंगावर का काढले जाते? पहिले कारण संकोच. मुलगा सरांना सांगतो, “पाय दुखतोय.” मुलगी आईला सांगते, “कंबर धरलीय.” घोट्याला लागले तर पाय पुढे करून दाखवता येतो. जांघेच्या बाबतीत हात तिथे जातो आणि अर्ध्यावर थांबतो. मग ज्याला जसे समजेल तसा तो उपचार करतो. कोणी मांडीला मालिश करतो, कोणी कमरेला पट्टा बांधतो, आणि आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत होते. प्रशिक्षकांनी हा प्रश्न आपणहून आणि सरळ विचारावा. मुलींच्या संघासोबत एखादी शिक्षिका किंवा वयाने मोठी खेळाडू बोलायला असावी. बहुतेक तपासण्या ट्रॅक पँट अंगावर असतानाही होतात, हे खेळाडूंना आधीच सांगून ठेवले तर अर्धी भीती तिथेच जाते.

दुसरे कारण हे दुखणे स्वतःच फसवे असते. सुरुवातीला सरावाआधी दुखते, अंग गरम झाले की थांबते, संध्याकाळी पुन्हा धरते. खेळाडू म्हणतो, “खेळताना तर दुखत नाही.” काही आठवड्यांनी खेळतानाही दुखू लागते. मग तो दोन आठवडे बसून राहतो, बरे वाटते, मैदानावर उतरून पहिली वेगवान धाव घेतो आणि पहिले पाढे पंचावन्न. विश्रांतीने दुखणे शमते, पण त्या काळात स्नायूची ताकद घटते. कमी ताकदीच्या स्नायूवर जुनाच भार एकदम टाकला, तर तो पुन्हा दुखणारच.

तिसरे कारण शरीराच्या रचनेत आहे. जांघेच्या तळहाताएवढ्या जागेत फार गर्दी आहे. समोर मधोमध जघनास्थीचा सांधा. त्याच्या खालच्या बाजूला मांडी आत ओढणारे स्नायू चिकटतात. त्यांतला अॅडक्टर लाँगस खेळाडूंना सर्वांत जास्त त्रास देतो. त्याच हाडाला वरून पोटाचे स्नायू येऊन मिळतात. कमरेच्या मणक्यांपासून निघालेला सोअस स्नायू जांघेतून खाली उतरून मांडीच्या हाडाला धरतो आणि पाय उचलतो. पोटाच्या भिंतीतून जाणारी नळी इथेच आहे, जिथे अंतर्गळ होतो. या सगळ्यांच्या मागे खोलवर खुब्याचा सांधा आहे, आणि त्याचे दुखणे बाहेर कुल्ल्यावर जाणवण्यापेक्षा पुढे जांघेतच जास्त जाणवते. धावताना, लाथ मारताना, वळताना धडाचा आणि पायाचा जोर याच जागी एकमेकांना भिडतो. त्यामुळे एका भागाचे दुखणे दुसऱ्याच्या नावावर सहज खपते, आणि अनेकदा दोन भाग एकाच वेळी दुखत असतात.

या स्नायूंची ओळख महाराष्ट्राला नवी नाही. मल्लखांबाची आख्यायिका आपल्या जिल्ह्यातलीच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी हैदराबादच्या मल्लांचे आव्हान स्वीकारले, तयारीसाठी ते वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले आणि तिथे त्यांना मल्लखांबाची विद्या लाभली, असे परंपरा सांगते. आख्यायिका बाजूला ठेवून खांबावरचा खेळाडू पाहा. अढी घालताना तो डोके खाली करतो आणि एरंडेल चोळलेला गुळगुळीत खांब दोन्ही मांड्यांत आवळून धरतो. त्या क्षणी सगळे शरीर मांडी आत ओढणाऱ्या स्नायूंच्या पकडीवर टांगलेले असते. कबड्डीत बोनस रेषेवर पाय टाकताना हेच स्नायू ताणले जातात आणि परत फिरताना झटक्यात आखडतात. खो-खोत साखळी खेळणारा धावपटू बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी पळतो, तेव्हा प्रत्येक वळणावर बाहेर फेकल्या जाणाऱ्या पायाला हेच स्नायू आवर घालतात. फुटबॉलची लाथ, वेगवान गोलंदाजाचे शेवटचे पाऊल, भालाफेकीत पुढचा पाय रोवणे, सगळीकडे तेच. हे स्नायू ओढतात त्याहून जास्त लगाम लावतात, आणि लगाम लावतानाच ते दुखावतात.

जगातल्या तज्ज्ञांनाही या गर्दीत वाट काढायला वेळ लागला. एकाच दुखण्याला एक शल्यविशारद एक नाव देई, दुसरा दुसरे, अस्थिरोगतज्ज्ञ तिसरे. त्यामुळे कोणाचे उपचार कोणत्या रुग्णाला लागू पडले याची तुलनाच होत नसे. २०१४ मध्ये कतारमधल्या दोहा येथे १४ देशांतले २४ तज्ज्ञ एकत्र बसले आणि खेळाडूंच्या जांघेच्या दुखण्याची एक साधी विभागणी त्यांनी मान्य केली. मांडी आत ओढणाऱ्या स्नायूंशी संबंधित, पाय उचलणाऱ्या सोअस स्नायूशी संबंधित, जांघेच्या नळीशी संबंधित आणि जघनास्थीशी संबंधित असे चार गट. त्यांच्याशेजारी पाचवा, खुब्याच्या सांध्याचा. आणि सहावा, बाकी सगळ्या कारणांचा, ज्यात घातक कारणेही येतात. हे पुस्तकही त्याच क्रमाने चालते.

या विभागणीतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पहिले चार गट ठरवायला यंत्र लागत नाही. लागतात ते प्रश्न, डॉक्टरचे बोट आणि रुग्णाची ताकद आजमावणारा हात. सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी मुंबईइतकीच नीट होऊ शकते.

ती कशी करायची ते इथेच सांगतो, कारण पुढची सगळी प्रकरणे तिच्यावर उभी आहेत. खेळाडूला आधी म्हणा, “एका बोटाने दाखव, कुठे दुखतं?” जो मांडीच्या आतल्या बाजूला, अगदी वर, हाडाला लागून बोट टेकवतो त्याचे अॅडक्टर तपासा. तिथे दाबले की दुखते आणि पाय आत दाबायला लावले की तेच ओळखीचे दुखणे उठते, तर निदान जवळपास झाले. जो मांडीच्या पुढच्या बाजूला, घडीच्या थोडे बाहेर दाखवतो आणि गुडघा पोटाकडे उचलताना आपण विरोध केला की कळवळतो, त्याचा सोअस. जो घडीच्या वर, पोटाच्या खालच्या भागात दाखवतो आणि खोकताना, शिंकताना, अंथरुणातून उठून बसताना दुखते म्हणतो, त्याची जांघेची नळी. जो अगदी मधोमध बोट ठेवतो, त्याचा जघनास्थी. आणि जो एका बोटाने दाखवूच शकत नाही, अंगठा मागे, बोटे पुढे असा पंजा कमरेखाली बाजूला धरून “इथे आत, खोल” म्हणतो, त्याचा खुबा. अशा वेळी मांडी वाकवून आत वळवून पाहा. दोन्ही बाजूंच्या वळण्यात ठळक फरक असेल, तर पुढची तपासणी लांबवू नका.

मग एमआरआय कशाला? कधी लागतो आणि कधी नाही, हे पुस्तकात सविस्तर आहे. इथे एवढेच की खेळाडूंच्या जांघेचे फोटो काढले, तर काहीही दुखत नसलेल्यांमध्येही जघनास्थीची सूज, खुब्याच्या हाडावरचा उंचवटा, सांध्याच्या कडेची चीर असे बदल पुष्कळदा दिसतात. कागदावर बदल दिसला म्हणजे दुखण्याचे कारण सापडले असे नव्हे. आधी हाताने तपासा, मनाशी निदान ठरवा, मग त्याची खात्री करायला किंवा घातक कारण नाही ना हे पाहायला यंत्राकडे जा. उलट क्रमाने गेलो, तर अहवालावर उपचार होतात आणि खेळाडू तसाच राहतो.

हे दुखणे मोठमोठ्यांनाही सोडत नाही. नीरज चोप्राने जुलै २०२२ मध्ये युजीनच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले, पण जांघेच्या दुखापतीमुळे बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेला त्याला मुकावे लागले. २०२४ मध्ये पॅरिसला ८९.४५ मीटर भाला फेकून रौप्यपदक घेतल्यावरही तो जांघेच्या त्रासाबद्दल मोकळेपणाने बोलला. आपल्या मुंबईच्या सूर्यकुमार यादववर ‘स्पोर्ट्स हर्निया’साठी २०२४ आणि २०२५ मध्ये जर्मनीत शस्त्रक्रिया झाल्या. या नावामुळे लोकांना आतडे बाहेर आले असे वाटते. तसे यात नसते. जांघेच्या नळीच्या मागची भिंत आणि तिथले स्नायूबंध कमजोर होऊन दुखतात, हाताला गाठ लागत नाही. असे खेळाडू उघडपणे बोलले, याचा आमच्या मुलांना फार उपयोग होतो. ज्याबद्दल नीरज बोलतो, त्याबद्दल हरसूलच्या मुलानेही बोलावे.

उपचारांकडे वळू. आपल्याकडे पहिला उपाय मालिश आणि शेक, दुसरा ताण देणे, तिसरा गोळी. डेन्मार्कचे डॉ. पेर होल्मिश यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अॅडक्टरचे दुखणे जुने झालेले ६८ खेळाडू त्यांनी घेतले आणि दोन गट केले. एका गटाला मालिश, लेझर, विजेचे शेक आणि ताणाचे व्यायाम. दुसऱ्याला फक्त ताकद आणि तोलाचे व्यायाम, पायऱ्यापायऱ्याने वाढवत नेलेले. दुसऱ्या गटातले २३ जण वेदनेशिवाय पूर्वीच्या पातळीवर खेळू लागले, पहिल्या गटातले फक्त ४. या अभ्यासाला पंचवीस वर्षे उलटून गेली, तरी आमच्या मैदानांवर अजून दुखऱ्या मांडीला ओढून ओढून ताण दिला जातो. हे बदलायला हवे. बैठक मारून फुलपाखरासारखे गुडघे दाबण्याने या स्नायूचे भले होत नाही. त्याला काम दिल्याने होते.

काम किती द्यायचे याचे मोजमाप सोपे आहे. खेळाडूला पाय सरळ ठेवून उताणे झोपवा. त्याच्या दोन्ही घोट्यांच्या मध्ये आपला कोपरापासून मनगटापर्यंतचा हात आडवा धरा आणि त्याला पाच सेकंद पूर्ण जोराने दाबायला सांगा. मग विचारा, शून्य ते दहात किती दुखले? शून्य ते दोन असेल तर खेळ चालू ठेवता येतो. तीन ते पाच असेल तर सराव कमी करून लक्ष ठेवायचे. सहा किंवा अधिक असेल तर वेगवान धावणे आणि वळणे थांबवून तपासणीला जायचे. दर आठवड्याला सगळ्या संघाचे हे दाबणे मोजायला प्रशिक्षकाला दहा मिनिटे पुरतात, आणि दुखणे खेळाडूने सांगायच्या आधीच वहीत दिसू लागते.

व्यायाम सुरू होतात ते गुडघ्यांमध्ये चेंडू धरून तीस-तीस सेकंद दाबण्यापासून. पुढे एका कुशीवर झोपून खालचा पाय उचलणे, एका पायावर तोल सांभाळणे, पोटाचे व्यायाम आणि शेवटी कोपनहेगन व्यायाम. तो असा: खेळाडू कुशीवर, एका कोपरावर शरीर तोलून. जोडीदार त्याचा वरचा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवतो. खेळाडू वरच्या पायाच्या जोरावर कंबर सरळ रेषेत आणतो, खालचा पाय वरच्याला नेऊन लावतो, तीन सेकंदांत वर आणि तीन सेकंदांत हळूच खाली. साधन काही लागत नाही, मैदान आणि मित्र पुरे. नॉर्वेत ३५ फुटबॉल संघ घेऊन त्यांतल्या काहींकडून हा व्यायाम करून घेतला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. व्यायाम करणाऱ्या संघांत जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी घटला. हंगामाआधी आठवड्यातून तीनदा, हंगामात एकदा, इतकाच त्याचा खर्च. आमच्या शाळांच्या कबड्डी आणि खो-खो संघांनी तो का करू नये?

बरे व्हायला वेळ लागतो हेही स्पष्ट सांगायला हवे. जुने दुखणे असेल तर आठ ते बारा आठवडे व्यायाम नेमाने करावा लागतो, आणि पूर्ण खेळायला त्याहून अधिक काळ जाऊ शकतो. “पंधरा दिवसांत मैदानावर उतरवतो” म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. शस्त्रक्रियेलाही जागा आहे. फिनलंडमध्ये २०११ च्या एका अभ्यासात, जांघेच्या नळीशी संबंधित दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या ६० खेळाडूंपैकी अर्ध्यांना दुर्बिणीतून जाळी बसवली. तीन महिन्यांनी त्यांतले ९० टक्के खेळात परतले होते. शस्त्रक्रिया न केलेल्यांत हे प्रमाण २७ टक्के होते. नेमके निदान, नेमका गट, आणि व्यायामाला प्रामाणिकपणे दिलेला वेळ, या तीन अटी पुऱ्या झाल्यावरच हा मार्ग. सरसकट नाही.

आता भरतीच्या मुलांविषयी. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते, जोडीला १०० मीटर आणि गोळाफेक. जाहिरात निघाली की वर्षभर न पळालेली मुले त्या आठवड्यापासून रोज दोन्ही वेळ डांबरी रस्त्यावर पळू लागतात, तहान लागल्यावर विहीर खणावी तशी. फुप्फुसे आणि स्नायू काही आठवड्यांत सरावतात, हाडाला त्याहून जास्त काळ लागतो. लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या पायांच्या अशा दुखण्याची नोंद प्रशियाच्या ब्राइटहाउप्ट या लष्करी डॉक्टरने १८५५ मध्येच केली होती. भार न झेपून हाडाला पडणारी ही बारीक भेग मांडीच्या हाडाच्या मानेत पडली, तर दुखते जांघेत.

ती ओळखायची कशी? दुखणे खोल असते, पाऊल टेकले की वाढते, बसले की कमी होते, पुढे रात्रीही सतावते. पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रेमध्ये ती पुष्कळदा दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसते. इथे एमआरआय टाळायचा नाही. भेग हाडाच्या वरच्या, ताणाच्या बाजूला असेल तर स्क्रू बसवावे लागतात. खालच्या बाजूला असेल तर कुबड्या घेऊन भार काढला की बहुधा भरून येते. दुर्लक्ष झाले, हाड सरकले, तर खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि विशी-बाविशीत सांधा निकामी होतो. भरतीच्या मुलाने लंगडत “एवढी चाचणी होऊ दे” म्हणत पळणे हे धाडस नाही. वर्ग चालवणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे: लंगडणाऱ्याला पळवू नका, आणि उड्या मारायला लावून त्याची परीक्षा घेऊ नका. पळण्याचे अंतर आठवड्याआठवड्याने वाढवा, आणि जाहिरात निघण्याच्या कितीतरी आधीपासून.

मुलींच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारायचा: पाळी नियमित येते का? भरपूर पळायचे आणि त्या मानाने खायचे कमी, असे चालले की शरीर ऊर्जेची बचत करते, पाळी लांबते किंवा थांबते, हाडे कमजोर होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या अवस्थेकडे जगाचे लक्ष वेधले आहे. ती मुलांमध्येही असते. पाळी बंद झाली म्हणजे सराव चांगला चालला आहे, असे मानणारे प्रशिक्षक अजून आहेत. ती धोक्याची खूण आहे. भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी हा इथे उपचारच आहे. बाळंतपणाच्या आसपास जघनास्थीचा सांधा सैल होऊन होणारे दुखणे वेगळे. त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

सहाव्या गटातली, म्हणजे बाकीची कारणे आपल्या भागात जरा जास्त आठवावी लागतात. अनवाणी पळणाऱ्या मुलाच्या तळव्याला काटा रुतून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते. तिथे व्यायाम नव्हे, जखमेचा उपचार लागतो. मुतखड्याची कळ कमरेतून जांघेत उतरते. क्षयरोग खुब्यात किंवा मणक्यात होऊन जांघेत दुखू शकते. बारीक ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे असेल तर क्षयरोग आधी तपासा. आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत, आणि त्यांच्यात खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो झिजू शकतो. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे आणि भरपूर दारू पिणारे यांनाही हाच धोका. सांधेदुखीवर किंवा ताकदीसाठी नाव-गाव नसलेल्या पुड्या घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. दहा ते सोळा वर्षांचे मूल लंगडत असेल आणि गुडघा दुखतो म्हणत असेल, तरी खुबा तपासलाच पाहिजे. या वयात मांडीच्या हाडाचा वरचा भाग सरकण्याचा आजार गुडघ्याच्या नावाने लपतो. साठीतल्या फिरणाऱ्याला जांघेत दुखत असेल आणि पायमोजे घालताना वाकवत नसेल, तर खुब्याच्या झिजेचा विचार करा.

दोन गोष्टींत मात्र तासांचा हिशेब आहे. मुलाच्या वृषणात अचानक तीव्र कळ, सोबत मळमळ, तर पीळ पडलेला असू शकतो आणि साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर वृषण गमवावे लागू शकते. लाजेपायी सकाळपर्यंत थांबणे इथे परवडत नाही. आणि उभे राहिल्यावर येणारी, आडवे झाल्यावर जाणारी अंतर्गळाची गाठ एके दिवशी आत जाईनाशी झाली, टणक झाली, उलट्या सुरू झाल्या, तर थेट रुग्णालय गाठायचे.

पुस्तकाची रचना अशी आहे. पहिल्या भागात शरीररचना आणि तपासणी, दुसऱ्यात सहा गट एकेक करून, तिसऱ्यात आठवड्याआठवड्याचे व्यायाम, आणि शेवटी प्रशिक्षकांसाठी वहीचा नमुना. डॉक्टरांनी दुसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. खेळाडूंनी तिसऱ्या भागावर उडी न घेता आधी धोक्याच्या खुणांचे पान वाचावे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे, राज्यभरातल्या डॉक्टरांचे आणि फिजिओथेरपिस्टचे शिक्षण इथून चालते. त्या शिक्षणातले जे खेळाडूच्या रोजच्या कामाचे आहे ते त्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत पोचावे, एवढीच या लेखनामागची तळमळ. मैदानावर आणि दवाखान्यात ज्यांनी आपले दुखणे न लाजता सांगितले, त्या सगळ्या खेळाडूंचे हे पुस्तक ऋणी आहे.

वाचकांना शेवटची विनंती. जांघेत दोन आठवड्यांहून अधिक दुखत असेल, लंगडायला होत असेल, किंवा रात्री दुखण्याने जाग येत असेल, तर मालिश आणि गोळी बाजूला ठेवा, दुखऱ्या जागेवर बोट ठेवून ती कोणाला तरी दाखवा, आणि याच आठवड्यात तपासून घ्या.